सलवाच्या घराचं पाणी

लिहून घ्या, माझा जन्म राजापूरचा. वडील बंब दुरुस्त करायचे. आंघोळीचा तांब्याचा बंब, मधे विस्तवाची नळी आणि भोवती पाणी, तो गळायला लागला की लोक आमच्या ओटीवर आणून ठेवत, आणि वडील त्याला कान लावून बसत. म्हणजे काय सांगू तुम्हाला, गरम पाणी कुठून गळतं ते शोधण्यावरच आमच्या घराचं पोट. मी रत्नागिरीला आयटीआय करून प्लंबर झालो, लग्न झालं, आणि लढाई संपल्यावर कुवेतमध्ये मोडलेली घरं पुन्हा उभी करायचं काम निघालं तेव्हा तिकडे गेलो. सुमन, माझी बायको, राजापूरलाच राहिली. आम्हाला मूलबाळ नव्हतं.

लोकांना वाटतं वाळवंटात कसली थंडी. पण जानेवारीत तिथे हुडहुडी भरते हो, आणि काही जुन्या व्हिलांमध्ये भिंतीला रेडिएटर असत, लोखंडाचे, आतून गरम पाणी फिरणारे. पहिल्यांदा पाहिला तेव्हा मी नकळत त्याला कान लावला. वाटलं, इथे अख्खं घरच बंब आहे.

या कामात सगळं पाणी सोडण्यावर असतं. काहीही बदलायचं तर आधी आतलं पाणी बाहेर सोडायचं, आणि अरबांच्या घरात गालिच्यावर एक थेंब सांडून चालत नाही. त्यासाठी माझ्याकडे छोट्या छोट्या वस्तू होत्या. हवा काढायची पितळी चावी. टाकीचं तोंड बंद करायची रबरी बुचं, म्हणजे वरची टाकी रिकामी करायला नको. रेडिएटरखाली सरकवायचं पसरट पन्हळ. आणि एक चिमटा, पाइपाला आवळून बसवायचा, मग वरचा स्क्रू फिरवला की आतली सुई पाइपाला भोक पाडते आणि तिथेच नळ तयार होतो. आमचा हनीफभाई, श्रीवर्धनचा, गाडी चालवायचा, त्यानं त्या चिमट्याचं नाव गोचीड ठेवलं. चिकटते आणि पिते. सकाळी गाडीत बसलो की विचारायचा, काय रे मधू, तुझी गोचीड उपाशी आहे ना? मी म्हणायचो, तुझ्याच मानेला लावतो, बघ. तो म्हणायचा, माझ्यात काय मिळणार तिला, नुसता चहा.

तर सलवा म्हणून एक वस्ती, तिथे एक मोठं घर होतं, अबू फैसल म्हणून म्हातारे मालक. खालच्या दिवाणखान्यात रेडिएटरचा वॉल्व्ह गळत होता, भिंत फुगली होती. पाणी सोडायचा कॉक होता, पण लढाईनंतरच्या दुरुस्तीत कुणीतरी त्याच्यावर संगमरवर बसवून टाकलेला. जो येई तो म्हणे, फरशी फोडा. अबू फैसल आपल्या हिंदीत म्हणत, रुखाम तोडेगा तो मेरा दिल तोडेगा. मी जिन्याखालची अडगळीची खोली पाहिली, तिथे सगळ्यात खालचा पाइप उघडा होता. म्हटलं, फरशी न फोडता होईल. ते म्हणाले, झालं तर अंगणामागच्या दोन खोल्या तुझ्या, घर सांभाळ, बायकोला आण, तिच्या व्हिसाचे कागद मी करतो.

त्या दोन खोल्या! फोनवर मी आणि सुमन त्यांनाच सलवाचं घर म्हणायचो. खिडकीत काय ठेवायचं, चूल कुठे, दिवेलागणीला दिवा कुठे, सगळं ठरलेलं. मी शहरात, मिरकाबला, पुष्कळ माणसांच्या खोलीत झोपायचो आणि डोळे मिटले की सलवाला जाऊन राहायचो.

राजापूरला आमच्या घरी फोन नव्हता, शेजारच्या शिर्केकाकांकडे होता. कामाच्या आधी मी बूथवरून फोन लावला. लाइन अशी की आपलाच आवाज थोड्या वेळानं परत ऐकू यायचा. सुमन नव्हती. म्हटलं, काका, तिला सांगा, सलवाच्या घराचं पाणी सोडतोय, शुक्रवारी बोलू. आणि कार्ड संपलं.

काम फार सुंदर झालं. बुचं लावली, गोचीड बसवली, नळी मागच्या दारानं गटारापर्यंत नेली, मग वर जाऊन चावीनं एकेका रेडिएटरचा हवेचा स्क्रू सैल केला. नळीतून आधी काळंभोर पाणी, मग तांबूस, मग स्वच्छ. घर आतून हवा ओढत होतं, एकेका खोलीतून उसासा यायचा. अबू फैसल जिन्यावर बसून ऐकत होते. मीही ऐकत होतो. असं वाटत होतं की पाण्याबरोबर आपणही कुठेतरी हळूहळू उतरतोय.

शुक्रवारी फोन केला. सुमन म्हणाली, बरं झालं तुम्ही स्पष्ट कळवलंत. म्हटलं, काय? म्हणाली, सलवाच्या घरावर पाणी सोडलंत ते. इथे बालवाडी चालवायला विचारत होते, आता मी होकार देऊन आले, सोमवारपासून मुलं येतील. मी सांगितलं होतं घराचं, पोचलं घरावर! मी हसायलाच लागलो, म्हटलं, अगं, वेडे, नळीनं सोडलं, खोल्या मिळाल्या. ती हसली नाही. म्हणाली, मग आता कसं करायचं? शब्द देऊन बसले. एक वर्ष जाऊ द्या.

वर्षाची वर्षं झाली. दोन्ही खोल्यांत मी एकटाच. ती दिवाळीच्या सुट्टीत एकदाच आली, रुमैथियाच्या बाजारातून मुलांसाठी रंगीत खडू घेतले आणि गेली. मी वर्षाआड यायचो. शिर्केकाकांवर माझा राग होता, ते वारले तेव्हाही पुरता गेला नव्हता. शेवटी मीच सगळं आवरून इकडे आलो.

मागच्या वर्षी ती आजारी पडली. एका दुपारी उशीला टेकून बसली होती, म्हणाली, शिर्केकाका बरोबरच बोलले होते हो. घराचंच म्हणाले. मला ऐकू आलं होतं. मग म्हणाली, तुम्ही दिवसभर लोकांच्या घरात, आणि मी त्या दोन खोल्यांत भिंतीला कान लावून बसणार. तसं तोंडावर कसं सांगू, तुम्ही इतके खूश होतात.

मी तिचे पाय चेपत राहिलो. पुढे आठवड्यानं ती गेली.

रागावलास का, असं हनीफभाईनं फोनवर विचारलं. नाही. खोटं नाही सांगत, नाही. सकाळी बालवाडीची मुलं दारावरून जातात, मला बाईंचे काका म्हणतात, एक मुलगी रोज थांबून माझं नाव विचारते आणि रोज विसरते. मोठी होवोत, सुखात राहोत. सुमनला जे हवं होतं ते मिळालं. मला ती सुट्टीसुट्टीनं मिळाली. मिळाली, एवढं लिहा.