खिंडीच्या अलीकडं

न्हाई न्हाई, बसा हो भाऊ, एस्टीला अजून लई येळ हाय — आन् आली तरी डायवर चहा पिल्याबिगर हलत न्हाई. गुळाचा हाय, चालंल ना? तुमी पुन्याची मानसं साखरेची. हा पाय? काय न्हाई त्याला, नवरात्रात गोठ्याच्या पायरीवरनं घसरले, तवापासून घोटा सुजलेला, हळद लावून बांधलाय. बरं, म्हंजे तुमी कळसूबाईकडनं निघालेले, हरिश्चंद्रगडाला जायचं हुतं, आन् सुट्टी संपली म्हनून इथनंच एस्टी धरायची — असंच ना? म्हंजे खिंडीतनंच आला! मग मला आधी सांगा, पल्याडची वाट कशी हुती? खिंडीच्या पल्याडची हो. साफ? लई साफ? दगड रचलेले, वाट दावनाऱ्या बानावर नवा चुना? अगं बाई! म्हंजे हाय तो, कुठं गेला न्हाई मुंबैला. कोन तो? कोन न्हाई हो, मी आपली वाटेची चौकशी करते. घ्या, अजून चहा घ्या.

ही वाट कोन राखतं, ठावं हाय का? सरकार? कसलं सरकार! तुमच्यासारखीच पोरं आल्ती, मंडळ का काय त्यांचं. म्हनली, वाट लांबची हाय, दर वाडीनं आपापला तुकडा राखायचा. पावसाळा सरला की झाडी तोडायची, ढासळलेलं रचायचं, बान काढायचे — समदं श्रमदानानं. पयल्या साली आख्खा गाव लोटला. का? तर फोटो काढनारा आल्ता! दुसऱ्या साली मी आन् दगडाबाई, मग तिचे गुडघे गेले, ऱ्हायले मी एकटी. लोक म्हनायचे, चांगुणे, येडी का खुळी, फुकटचं कशापायी मरतीस? आता कशापायी, खरं सांगू? खाली घरात सासू न् जाऊबाई — कुठं चाललीस, कवा येशील, कुनासंगं बोललीस. नवरा जाऊन इतकी वरसं झाली, पन राखन काय सुटंना! आन् कोयता घेऊन डोंगर चढले की कुनी इचारत न्हाई. श्रमदान हाय ना, त्यास्नी वाटतं सरकारी काम हाय, आडवलं तर फौजदार यील! वर वारा काय सुटतो भाऊ, मी मोठ्यानं गानी म्हनते. लाज न्हाई वाटत.

बानाची गंमत ऐका. निवडनुकीला भित्तीवर गाय-वासराचं चिन्ह काढून उरलेला चुना मी मागून आनला न् दगडादगडावर बान काढले. पन मी चढत हुते ना, समदे बान वरच्याच अंगाला! मुंबैची दोन पोरं पल्याडनं येऊन खाली उतरायची, तर बान बगून पुन्यांदा वर. खिंडीत गेली, तर पल्याडचे बान बी वरच आलेले — तिकडचा तुकडा राखनाऱ्या मच्छिंद्रानं बी चढतानाच काढल्याले! दोन्हीकडचे बान खिंडीत येऊन एकमेकाला भिडलेले, आता जानारा जाईल कुठं? पोरं तितंच बसली रडकुंडीला येऊन. तवर मी इकडनं काम करत वर आले, तो तिकडनं. त्यानं एकाला धरलं, मी एकाला, आन् आमी दोघं असं हसलो, असं हसलो — मी तर खालीच बसले. तीच पयली भेट आमची.

मच्छिंद्र म्हंजे पल्याडच्या वाडीचा, बायको वारलेली, पोरी नांदायला गेल्या. तिकडनं तो एकटाच तोडत येनार, इकडनं मी. खिंडीत भाकरी सोडायची, घटकाभर बसायचं, उठायचं. बास, यवढंच. तुमी हसू नका! गेल्या साली बगते तर माझ्या बाजूची करवंदीची जाळी तोडून बसलेला. मी म्हनले, ही माझी बाजू. तर म्हनतो कसा, तुझी बाजू माझी बाजू किती दिस करायचं, पाट लावू. दुसरं लगीन हो, आमच्यात चालतं तसं. मला असा राग आला — राग कसला, भ्या वाटलं, जाऊ काय म्हनंल, गाव काय म्हनंल — म्हनले, मी बोलावल्याबिगर माझ्या दाराशी यायचं न्हाई, सांगून ठेवते! कोयता उचलला, गेला. मी खाली येईस्तवर रडले. वरीसभर बोलवावंसं वाटतंय, पन निरोप कुनाकडं धाडू? समद्या वाडीला कळंल. औंदा खिंडीत सोताच सांगनार हुते, तर हा मेला पाय! तो वाट बगून गेला आसंल. म्हनला आसंल, बाई आलीच न्हाई, संपलं.

पन थांबा. औंदा मी कोयता लावल्याला न्हाई, मग तुमी माझ्या बाजूनं उतरला कसं? करवंदीनं अंग सोलून निघायला पायजे. मोकळी? खिंडीपासनं? खोटं बोलता! ताजी तोडल्याली? घाव कुठल्या अंगाला उतरते हुते — हातानं दाखवा — असे? डावखुरा हाय तो! अगं बाई. अगं बाई गं. वळनावरची पन? ओढ्यावरची पन? आन् माझ्या घरामागच्या परड्यापातूर?

मग ह्यो तुमच्या हाताला ओरखडा कशाचा? परड्यामागची जाळी? तेवढीच ठेवलीय? एक जाळी? आन् तिच्या पल्याड मानूस बसलेला, कोयता मांडीवर — काय म्हनला? "बाईचा पाय कसा हाय?" पायाचं बाजारात कळलं आसंल त्याला. आन् तुमी हे आत्ता सांगताय! दोन कप चहा पिऊन! बोलावल्याबिगर यायचं न्हाई म्हनले, तर येडा जाळीपाशी बसून ऱ्हायला!

कोयता द्या इकडं, त्यो चुलीमागचा. न्हाई, तुमी हात लावायचा न्हाई, ती जाळी माझी हाय, मीच तोडनार. पायाला काय झालंय, काय बी न्हाई झालं. जाऊबाई दारात आली? बगू द्या तिला. ती बगा एस्टी आली, पळा — आन् परड्याकडं वळून बगायचं न्हाई, सांगून ठेवते. जावा म्हनते ना!