खिंडीतली सोळा पानं

— कापलीस? सगळी?

— शेवटपर्यंत, बाबा.

— अगं, अर्ध्यापुढची ती पानं छापखान्यातून दुमडून, कडा जोडलेली आली तशीच होती! शंभर वर्षांत कुणी उघडली नव्हती. त्यातच तर त्याचं सगळं मोल होतं.

— तुमच्याच बोथट सुरीने कापली. कड कुठेही फाटलेली नाही. बघा तरी.

— मग काय, शाबासकी देऊ? ते भिंगवाले संग्राहक इतक्यात येतील. त्यांना दाखवू काय?

— पुस्तक.

— आगाऊपणा नको! त्यांची एकच अट होती, ती पानं न उघडलेली हवीत. बदल्यात ते मला वाळवंटाच्या प्रवासाचं पुस्तक देणार होते. कपाटभर आशियातले जुने प्रवास जमवले मी, तेवढं एकच राहिलंय. कॉलेजात असताना रद्दीच्या ढिगात दिसलं होतं. मी चष्मा पुसेपर्यंत ह्या गृहस्थांनी उचललं!

— माहितीय. आईला पहिल्यांदा भेटलात तेव्हाही म्हणे तुम्ही त्याच पुस्तकाबद्दल बोलत होतात.

— विषय बदलू नकोस. का कापलीस?

— बर्फाची खिंड आली होती. याक दमलेले, वाटाड्या पुढे यायला तयार नाही, आणि नेमकी पुढची पानं बंद. राहवलं नाही.

— राहवलं नाही म्हणे! आणि ही विज्ञानाची पदवीधर.

— म्हणूनच तर. आत काय आहे ते बघितल्याशिवाय मला चैन पडत नाही.

— मग? ओलांडली का त्याने खिंड?

— तेच सांगायचंय. बसा जरा.

— उभ्यानेच ऐकतो.

— खिंडीच्या अलीकडची सोळा पानं दोनदा बांधलीत. आणि खिंडीतली सोळा नाहीतच. बांधणाऱ्याने एकच जुडी दोनदा घेतली असणार. जाडी बरोबर भरते, म्हणून बाहेरून पत्ता लागत नाही.

— आण इकडे. … हं. वाटाड्या इथे रुसलाय. आणि हा इथे पुन्हा रुसलाय.

— आणि त्याच्यापुढे एकदम दरीतलं गाव.

— कुणाला बोललीस?

— तुम्हालाच.

— मग ते इथेच राहू दे. पानं कापली म्हणून मी त्यांची माफी मागेन, चार शब्द ऐकून घेईन. पण हे बोलायचं नाही.

— बाबा!

— त्यांना कळणार नाही गं. ते भिंग लावून शिलाई बघतील, नकाशा बघतील, आणि कपाटात ठेवतील. ही पुस्तकं कुणी वाचत नाही.

— मी वाचलं ना.

— तू वाचलंस, म्हणून तर हा घोळ.

— वाळवंटाच्या पुस्तकाची पानंही अशीच बंद असली तर? तुम्ही कापाल?

— तुला काय वाटतं?

— मला वाटतं, रोज कपाट उघडून बघाल. आणि त्यांना फसवून आणलंय हे रोज आठवेल.

— फार बोलतेस.

(दारावरची बेल वाजते.)

— मी आत जाऊ?

— थांब इथेच. … या, या! बसा. नाही, तुमच्या पुस्तकाची पिशवी इतक्यात उघडू नका. ही माझी मुलगी. हिने हे पुस्तक वाचलंय.