डोक्याएवढी मोहरी

हसू नका, पण गेल्या रब्बीत मी देवणीच्या शेतात पहिल्यांदाच मोहरी पेरली आणि हौसेनं युरिया दुप्पट टाकला. बायको म्हणाली, "बांधाकडच्या माझ्या चार ओळींना युरिया न्हाई, शेणखतच घालते."

माझी मोहरी डोक्याच्या वर गेली. रस्त्यानं जाणारे थांबून फोटो काढायचे आणि मी शेजारी ताठ उभा राहायचो. मग एका दुपारी वारा सुटला आणि सगळी मोहरी आडवी झाली. बायकोची कमरेएवढी मोहरी मात्र शेंगांनी भरून उभीच होती.

तेवढ्यात मुदखेडहून सासूबाई आल्या. त्यांनी वाकून माझ्या शेंगा चाचपल्या, तर बहुतेक पोकळ.

"जावईबापू," त्या शांतपणे म्हणाल्या, "जनावरांना चारा लई झाला. फोडणीपुरती मोहरी मी लेकीकडून नेते."