तारूच्या अंगठ्याची दोरी

मंडळी, एक विचारते. झोपताना दार लावता, दिवा मालवता. पण आपल्याला उठवणार कोण, हे ठरवता का? गजर आहे म्हणता? बरं. आणि गजरही तुमच्याबरोबर झोपला तर?

ऐका. नांदगळच्या घाटावर पुराचा भोंगा बसवायचा होता. नदी चढली की खालच्या आळीतली चाळीस घरं त्यानं उठवायची. भोंग्याची पेटी उन्हावर चालणारी. पण पावसाळ्यात ऊन कुठलं? तीन दिवसांत बॅटरी संपे. म्हणून पुण्याची इंजिनिअर नीरजा कोल्हटकर आली. पेटीत प्रोसेसर, म्हणजे यंत्राचं डोकं. आणि कर्नल, म्हणजे त्या डोक्याचा कारभारी. कारभाऱ्याला तिनं शिकवलं — काम नसेल तेव्हा डोक्याला निजव. आधी डुलकी, मग गाढ झोप. दर दहा मिनिटांनी उठून पाणी मोजायचं, पुन्हा निजायचं. डुलकी कशी? तिसऱ्या रांगेतल्या काकांकडे बघा. नका उठवू, राहू दे.

पुण्यात महिनाभर तपासलं, सगळं चोख. घाटावर पेटी बसवून नीरजा यमूआत्यांकडे जेवायला गेली. पूर्वी या घाटावर नाव चालवायचे ते रामा तारू, त्यांची ही सून. त्यांच्या हातची भाकरी मीही खाल्लीय. दुपारी परत येऊन नीरजानं बटण दाबलं. हिरवा दिवा लागला. नोंदी पाहिल्या — सकाळचे अकरा, मग एकदम चार. बटण दाबलं ती वेळ. मधे काहीच नाही. आणि पाणी दोन पायऱ्या चढलेलं.

ती हात बाजूला ठेवून बसली. वीस मिनिटं झाली, दिवा काळाच. बोट लावलं की जिवंत, काढलं की गेलेली. मग नीरजाला उमगलं. पुण्यात ती दिवसभर पेटीसमोर कळा दाबत बसे. त्या बोटांनीच पेटी उठत होती. तिच्यादेखत ती कधी मेलीच नव्हती.

मागून यमूआत्या म्हणाल्या, "आमचे मामंजीही हाक मारली की ओ द्यायचे."

"म्हणजे?"

"अंगठ्याला दोरी बांधून निजायचे. दुसरं टोक नदीतल्या भोपळ्याला. पाणी चढलं की भोपळा ओढायचा, मामंजी थाळा बडवायचे. वीस वर्षं."

"मग?"

"एका साली नदी आटलेली. खाली कोण उतरणार? पण दोरीशिवाय झोप येईना. टोक बांधलं खाटेच्याच पायाला. वर डोंगरात पाऊस पडला होता, पोरी. तिसऱ्या दिवशी खाट सापडली. दोरी तशीच. गाठ पक्की."

नीरजा पेटीकडे वळली. तिचा गजरही प्रोसेसरच्या पोटातच होता. गाढ झोपेत तोही निजायचा. पेटीत दुसरं घड्याळ होतं, बाहेरचं, कधीच न निजणारं. तिनं कारभाऱ्याला नवा नियम घातला — आधी गजर बाहेरच्या घड्याळाकडे सोपव. त्यानं होकार दिला तरच गाढ झोप. नाहीतर डुलकीच.

मग हात काखेत दाबून बसली. बटणाला बोट लावलं नाही. दहा मिनिटं. दिवा आपणहून लागला.

यमूआत्यांनी डोक्यावरून पदर घेतला. हळूच म्हणाल्या, "उठले मामंजी."

मंडळी, नाम रोज घेता, माळ रोज ओढता. दोरी बांधलेली आहे, मला दिसतेय. दुसरं टोक कुठे आहे? घरी जाऊन चाचपून बघा. आत्ता मी बोलतेय, म्हणून जागे आहात.

आता मी थांबते.