अंत्ययात्रा अडवणारी बाई

व्हर्लीन : शेंगा ठेव फुटपाथवरच्या त्या खुर्चीवर. आणि तो कागद घाल परत खिशात.

कॉर्विन : मिस व्हर्लीन, आधी ऐकून तर घ्या. चार ओळींचा आहे.

व्हर्लीन : उकडलेल्या शेंगा घेऊन आलास तेव्हाच ओळखलं मी. तुझ्या आजीचीही हीच रीत. गिरणीत कुणाकडून काही काढून घ्यायचं असलं की अशी गरम पिशवी घेऊन यायची. वाच. शाळा सुटायला अवकाश आहे.

कॉर्विन : "गेल्या मंगळवारी मिस्टर टॉलिव्हर यांची अंत्ययात्रा शाळेसमोरून जात असताना मी शववाहिकेला थांबण्याची पाटी दाखवली. वयोमानामुळे माझा गोंधळ उडाला. टॉलिव्हर कुटुंबाला झालेल्या मनस्तापाबद्दल मी मनापासून क्षमा मागते." झालं. खाली सही.

व्हर्लीन : मधलं पुन्हा वाच.

कॉर्विन : कुठलं?

व्हर्लीन : तुला चांगलं माहितीये कुठलं. वाचताना आवाज बारीक केलास तिथं.

कॉर्विन : "वयोमानामुळे माझा गोंधळ उडाला."

व्हर्लीन : कुणाचा उडाला?

कॉर्विन : अहो, लिहायची पद्धत असते ती. वय म्हटलं की लोक सोडून देतात.

व्हर्लीन : साठीपुढच्यांना काम देणाऱ्या तुमच्या योजनेच्या पत्रकावर माझा फोटो छापलाय. पोरांना रस्ता ओलांडून देतानाचा, हीच नारिंगी बंडी, हीच पाटी. खाली काय लिहिलंय? "वय म्हणजे अनुभव." कुणी लिहिलं ते?

कॉर्विन : मी.

व्हर्लीन : आणि हे?

कॉर्विन : हेही मीच.

व्हर्लीन : मग तुझाच काहीतरी गोंधळ उडालाय, बाळा.

कॉर्विन : चेष्टा नको, मिस व्हर्लीन. पहिल्या तारखेपासून जिल्ह्याचं शाळाखातं तुम्हाला स्वतःच्या पगारावर घेणार होतं. योजनेत आलेल्या माझ्या साठीपुढच्या माणसांत कायमची नोकरी लागणाऱ्या तुम्ही पहिल्या. सही नसेल तर ती जागा गेली. योजनेतली तुमची मुदतही संपत आलीये, म्हणजे दुसरीकडे कुठं चिकटवायला माझ्या हातात काही नाही. मग काय करणार आहात?

व्हर्लीन : हवीये मला ही नोकरी. फार हवीये. गिरणी बंद झाली तेव्हापासून लोकांच्या फरश्या पुसतेय, कॉर्विन. ज्याला वाटलं त्यानं बोलावलं, वाटलं त्यानं उद्यापासून येऊ नको म्हटलं. एकदा तरी कुणीतरी मला ठेवून घ्यावं असं वाटत नसेल का मला?

कॉर्विन : मग करा ना सही! गावात दोनच गोष्टी बोलताहेत. एक तर म्हातारीला भ्रम झालाय, नाहीतर तिनं पेन्शनचा सूड घेतला. थोरल्या टॉलिव्हरनं गिरणीबरोबर तुमची पेन्शन बुडवली, म्हणून तुम्ही त्याचं मढं अडवलं. दोन्हीतली पहिली परवडते, एवढंच म्हणतोय मी.

व्हर्लीन : वा रे वा. वेडी की दुष्ट, निवड करा.

कॉर्विन : अहो, आपल्याकडे अंत्ययात्रा कुणी अडवतं का? लाकडाचे ट्रकसुद्धा वाट द्यायला कडेला लागतात. आणि वर तुम्ही ओरडलात म्हणे! शववाहिकेच्या तोंडावर, "आमेन" म्हणून!

व्हर्लीन : ओरडले.

कॉर्विन : बघा.

व्हर्लीन : काय बघा? जो येतोय तो निकाल खिशात घेऊनच येतोय. मुख्याध्यापक येऊन गेले, पाद्री येऊन गेला, आता तू. एकानं तरी विचारलं, काय झालं होतं म्हणून?

कॉर्विन : बरं. विचारतो. काय झालं होतं?

व्हर्लीन : पोरं रस्त्यात होती. पहिली-दुसरीतली, सगळी एकदम. पाटी वर, मी मधोमध. तेवढ्यात चर्चच्या वळणावरून गाडी आली, काळी, दिवे लावलेली. ड्रायव्हर थांबला. शहाणा माणूस. आणि पोरंही थांबली.

कॉर्विन : घाबरली?

व्हर्लीन : घाबरतील कशाला? यांच्या आज्यांनी वळण लावलंय ना! मयत दिसलं की जागचं हलायचं नाही, टोपी काढायची, ते जाईपर्यंत उभं राहायचं. एकानं टोपी काढली. मग सगळ्यांनी. ज्यांना टोप्या नव्हत्या त्यांनी उन्हासाठी डोक्यावर धरलेली दप्तरं खाली घेतली. गाडी पोरांसाठी थांबलेली, पोरं गाडीसाठी थांबलेली, आणि मध्ये मी.

कॉर्विन : अरे देवा.

व्हर्लीन : हसू नकोस.

कॉर्विन : नाही हसत. पण ओढायचं ना हाताला धरून!

व्हर्लीन : किती जणांना ओढू? एकाला कडेला नेलं की दुसरा तिथंच. "चला" म्हटलं तर एक चिमुरडी मलाच म्हणते, "शू, मेलंय कुणीतरी." पाय रस्त्यात आहेत तोवर पाटी खाली घ्यायची नाही, हे तुम्हीच शिकवलंत. आणि मागं गाड्यांची ही रांग. शेवटी म्हटलं, प्रार्थना संपली असं वाटल्याशिवाय ही हलायची नाहीत. म्हणून ओरडले, आमेन! सगळी ओरडली, आमेन! आणि पळाली.

कॉर्विन : हे तुम्ही कुणालाच सांगितलं नाहीत?

व्हर्लीन : आत्ता विचारलंस, आत्ता सांगितलं. हसणं पुरे, डोळे पूस. आणि सरळ उभा राहा, ती येतेय बघ.

कॉर्विन : टॉलिव्हरांची मुलगी? अरे बापरे. सही झाल्यावर या म्हटलं होतं मी.

(मिस ॲडेलाइड टॉलिव्हर गाडीतून उतरून फुटपाथवर येतात.)

ॲडेलाइड : झालं का तुमचं? व्हर्लीन, कागद मला दे म्हणजे मी निघते.

व्हर्लीन : मिसेस गॅस्किन्स.

ॲडेलाइड : काय?

व्हर्लीन : मी तुमच्यापेक्षा मोठी आहे. हा मानानं मिस व्हर्लीन म्हणतो. तुम्ही म्हणा, मिसेस गॅस्किन्स.

ॲडेलाइड : बरं. मिसेस गॅस्किन्स. कागद.

कॉर्विन : मिस ॲडेलाइड, यांचा काही गोंधळबिंधळ झालेला नाही. पोरं रस्त्यात टोप्या काढून उभी होती. तुमच्या वडिलांसाठी. हलायलाच तयार नव्हती. म्हणून ते आमेन.

ॲडेलाइड : मी मागच्या गाडीत होते. मला फक्त यांचा हात दिसत होता, वर केलेला. आणि तो आवाज आला. भाऊ म्हणाला, बाबांवर हसताहेत. पोरं उभी होती?

व्हर्लीन : शहाण्यासारखी. आत कोण आहे ते त्यांना ठाऊक नव्हतं.

कॉर्विन : मिस व्हर्लीन...

ॲडेलाइड : तुम्हाला ठाऊक होतं.

व्हर्लीन : मला ठाऊक होतं. गव्हर्नर जिवंत आडवा आला असता तरी थांबवलं असतं, पोरं रस्त्यात होती. पण तुमच्या तोंडावर खोटं नाही बोलणार. आमेन म्हणताना मला बरं वाटलं.

कॉर्विन : संपलं सगळं.

ॲडेलाइड : नाही, बोलू द्या त्यांना. आठवडाभर जो तो मला सांगतोय, किती थोर माणूस होता म्हणून. का बरं वाटलं?

व्हर्लीन : गिरणीला टाळं लागलं त्या दिवशी आम्ही तुमच्या फाटकात उभ्या होतो. भर उन्हात. एकदा बाहेर या, दोन शब्द बोला, एवढंच मागणं. तुमचे वडील मागच्या दारानं गेले. मंगळवारी थांबले. मी थांबवले नाहीत, पोरांनी थांबवले. पण मी बघितलं.

ॲडेलाइड : मी वरच्या खिडकीत होते. त्या दिवशी. मला पडदा ओढून घ्यायला सांगितलं होतं.

व्हर्लीन : ओढलात?

ॲडेलाइड : ओढला.

व्हर्लीन : लहान होतात तुम्ही.

ॲडेलाइड : इतकी लहान नव्हते. कागद द्या इकडे, मिस्टर प्रुइट.

कॉर्विन : हा घ्या.

ॲडेलाइड : वयाचं वाक्य खोडलं. आता कराल सही? हे माझ्यासाठी नाही. तक्रार भावाची आहे, आणि शाळेचं नवं छप्पर त्याच्या पैशानं होतंय. जिल्हा त्याचं ऐकेल. मी त्याच्याकडे काहीतरी नेलं नाही हातात, तर तुमची जागा जाईल.

व्हर्लीन : छप्पर होऊ दे. गळतंय ते.

ॲडेलाइड : आणि सही?

व्हर्लीन : वय खोडल्यावर नुसती माफी राहते. ती कशाची मागू? थांबवलं त्याची? उद्या दुसरी गाडी आली की पुन्हा थांबवणार आहे मी.

ॲडेलाइड : मी सांगून बघेन भावाला. पोरांचं सांगेन. तो ऐकेल असं वचन नाही देत.

व्हर्लीन : मी मागितलेलं नाही. शेंगा घ्या थोड्या, गरम आहेत. ह्यानं लाच म्हणून आणल्यात, पण चांगल्या आहेत.

ॲडेलाइड : नको... बरं, द्या.

कॉर्विन : गेल्या. मिस व्हर्लीन, उद्या सकाळी माझ्या टेबलावर फोन वाजणार. माफी नाही, सही नाही. जिल्ह्याला मी काय कळवू?

व्हर्लीन : कळव, तिला विचारलं. ती म्हणाली, पूर्ण शुद्धीत होते. आणि बाजूला हो, रस्त्यात उभा आहेस. सुटली शाळा.