देवीच्या नावाची वेणी

नाही नाही, बसा न मालूबाई, वर्ग बंद नाही — मुली आज आल्या नाहीत एवढंच. जसोंडीहून बैलाच्या दमणीत एवढ्या उन्हात आलात, आधी पाणी घ्या. फुलांची फिकर करू नका. शिकाऊ मुलींच्या हातची फुलं म्हटलं की आधी सगळेच नाक मुरडतात, आणि मग मांडवात वरमाला बघून मलाच विचारत येतात की ही कुणी केली म्हणून. मुंडावळ्या म्हणू नका, वेण्या म्हणू नका, मांडवाचं तोरण म्हणू नका, सगळं करतात माझ्या पोरी. आणि कोकिळा तर तुमची भाची, भावाची एकुलती एक, आईवेगळी, तुम्हीच वाढवलेली — मोतीलालशेठ सांगत होते. म्हणाले, शारदाबाई, आमच्या पुतण्याच्या, सुरेशच्या लग्नाची फुलं तुमच्याच वर्गातून जातील, मुलीच्या आत्याला पाठवायला सांगतो, मी त्यांना अजून पाहिलेलं नाही, तुम्हीच ओळखून घ्या. तुम्ही आलात. बरं झालं.

मुली? मुलींच्या परीक्षा आहेत. मतलब — परीक्षा झाल्या, सुटी लागली, कुणी मामाकडे गेली, कुणी नेपानगरला बहिणीकडे. पण फुलं होतील, मी आहे न. हा धागा बघा, हात लावून बघा — ओळखलात? केळीच्या सोपटाचा. तुमच्याच मळ्यातून फेकून देता ते. आम्ही ते सोलतो, भिजवतो, त्याच्यात ओवतो — ओल धरून राहतं, फूल सुकत नाही. चौकातला कडू माळी सुती दोऱ्यात ओवतो, अख्ख्या बऱ्हाणपुरात सोपटात ओवणारा आमचा वर्ग एकटा. फक्त एक आहे, आमच्याकडे फुलं आदल्या दिवशी सांगावी लागतात. कडूचं तसं नाही, त्याला तुम्ही दारात उभं राहून सांगा, तुमचा चहा होईस्तोवर हार तयार. आमच्या पोरींचे हात शिकाऊ. आज सांगा, उद्या सकाळी न्या. मोतीलालशेठना हे माहीत नव्हतं, तेव्हा पण मला म्हणाले होते, आजच संध्याकाळी मिळेल का. मी म्हटलं, नाही जमायचं. थोडे थांबले, विचार केला, आणि म्हणाले, बरं, उद्या सकाळी तर सकाळी.

तेव्हा म्हणजे — असंच, मागे एकदा. देवीला फुलं पाहिजे होती. इच्छापूरच्या देवीला, नवस होता म्हणे. ते राहू द्या. तुम्ही रंग सांगा, वरमालेत गुलाब घालू की नुसता मोगरा?

ही खोली? हो, त्यांचीच. भाडं घेत नाहीत. खोटं कशाला बोलू, त्यांच्याच जिवावर चाललंय सगळं. वर्ग काढला तेव्हा नागपूरहून सरकारचं पत्र आलं होतं, शाबासकीचं. आता नागपूर आपलं राहिलं नाही, सगळं भोपाळला गेलं, आणि भोपाळचे साहेब येऊन म्हणतात, बहनजी, यह तो घर का काम है. बंदच पडला असता वर्ग. मोतीलालशेठ म्हणाले, खाली खोली रिकामी आहे, बसा. माझ्यासारख्या एकट्या बाईला कोण देतं हो जागा? उपकार आहेत. कुणी काही बोललं तर मी सांगते, उपकार आहेत.

आणि सुरेश बिजवर आहे हे त्यांनी तुमच्या भावाला सांगितलंच असेल. सांगितलं न? चला. पहिली बायको घाटावर धुणं धुताना पाय घसरून गेली, हेही सांगितलं असेल. कुसुम तिचं नाव. आमच्या वर्गातलीच. काय हात होता पोरीचा — तिनं केलेला गजरा हातात घेतला की खाली ठेववत नसे. तिच्या लग्नाची सगळी फुलं तिच्या मैत्रिणींनीच केली, इथेच, ह्या सतरंजीवर बसून, आणि ही मधे बसून सांगतेय, अलके, गाठ ढिली झाली, परत घाल. स्वतःच्या लग्नाच्या फुलांना नावं ठेवणारी नवरी मी तेवढी एकच पाहिली. लग्नानंतर यायची अधूनमधून, वरच राहायची न, जिना उतरला की वर्ग. मग कमी झालं. मग नाहीच. मी विचारलं तर सासूबाई म्हणाल्या, घरात काम असतं. असतंच की घरात काम. दंडावर एकदा निळं दिसलं होतं मला — पण ते काय, दार लागलं असेल. मी विचारलं नाही. सुरेश तसा गरीब आहे हो, काकांच्या पुढे त्याचा आवाज निघत नाही.

तुम्ही अशा बघू नका माझ्याकडे. मी तुम्हांला भिववत नाहीये. मुली का आल्या नाहीत विचारलंत म्हणून सांगते — परीक्षा नाहीत. सुरेशचं लग्न आहे, फुलं करायची आहेत, एवढं मी काल बोलले, आणि अलकानं सुई खाली ठेवली. म्हणाली, बाई, त्या घराला मी आता फूल ओवणार नाही. तिच्यामागून सगळ्या उठल्या. मला राग आला. पोरी आहेत, डोक्यात काहीही घेतात.

काय घेतलं म्हणजे — देवीची फुलं. मोतीलालशेठ स्वतः आले होते सांगायला, एक मोठा हार, आणि एक वेणी. अलकानं विचारलं, देवीचा मुखवटा केवढा आहे, वेणी केवढी करू. आमची रीतच आहे, माप विचारल्याशिवाय ओवायचं नाही. ते म्हणाले, घरातल्या बाईला बसेल एवढी कर. एवढंच म्हणाले. पुरुषांना काय कळतं वेणीतलं? दुसऱ्या दिवशी सकाळी उन्हं यायच्या आत येऊन घेऊन गेले, ओल्या फडक्यात गुंडाळून दिलं मी. मी म्हटलं, देवीला माझाही नमस्कार सांगा. हो म्हणाले. आणि दुपारी ओरड झाली की कुसुम घाटाखाली सापडली.

संध्याकाळी आम्ही सगळ्या वर गेलो. सवाष्ण गेलेली, हिरवं लुगडं नेसवलं होतं, मळवट भरला होता. आणि केसात वेणी. पोरी रडत होत्या, अलका तेवढी रडत नव्हती, ती नुसती त्या वेणीकडे बघत होती. मग वाकून तिनं टोकाला हात लावला. सोपट होतं. हारातही सोपट. कडूचं सूत नव्हे हो, आपलं सोपट.

असेल, मी म्हटलं पोरींना, असेल — इच्छापूरला जाणं झालं नसेल, फुलं घरातच राहिली असतील, देवीची फुलं टाकायची कुठे, म्हणून पोरीच्या अंगावर घातली. ह्याच्यात काय वाईट आहे? किती दिवस मी स्वतःला हेच सांगत आले. बरोबरच आहे न ते? सांगा न. पण मग वेणी तिला बसली कशी, इतकी बरोबर, एक कळी कमी नाही, एक जास्ती नाही. आणि मयताचा हार म्हटला की सगळं गाव कडूकडे जातं. घरात माणूस गेल्यावर एक दिवस थांबायला कुणाला वेळ असतो? आमच्याकडे आदल्या दिवशी सांगावं लागतं, मालूबाई. आदल्या दिवशी. त्यांना ते माहीत नव्हतं, मी सांगितलं तेव्हा ते थांबले, त्यांनी विचार केला —

मी काही बोलले नाही हं. तुम्ही ऐकलं नाही. मला ह्या खोलीत राहायचंय, मला दुसरीकडे कुणी नाही. पण तुमच्या कोकिळाला आई नाही. कुसुमलाही नव्हती. मला भीती वाटते, खरंच सांगते, मला जिन्यावर पाऊल वाजलं तरी भीती वाटते. लग्नपत्रिका वाटल्या का हो अजून? नाही न? मग आत्ताच उठा. घरी जाऊन भावाला सांगा, काहीही सांगा, पत्रिका जुळत नाही सांगा, मुलीला खोड आहे सांगा, बदनामी होऊ द्या. बदनामी झालेली मुलगी जिवंत तरी —

थांबा. बसून राहा. धागा हातात घ्या.

या, या मोतीलालशेठ. नाही, आत्ताच उतरलात का वरून? मला जिना वाजलेला कळलाच नाही. ह्या? ह्या तुमच्या व्याह्यांकडच्या नाहीत हो, जसोंडीच्या बाई अजून आल्याच नाहीत, मी वाट बघतेय. ह्या चांदनी गावच्या आहेत, नातीला शिवण शिकवायचंय म्हणून विचारायला आल्या. मी त्यांना सांगितलं, इथे फुलं शिकवतात, शिवण नाही.

ऐकलंत न बाई? इथे तुमचं काम नाही. निघा आता. आणि मागे वळून बघू नका, उंबरा उंच आहे, पाय घसरेल.