निळा तारा

आजोबांच्या डोळ्यांत थेंब घालून नर्स पुढच्या पेशंटकडे वळली, पण तिचे कान मागे आजी-आजोबांपाशीच राहिले.

"म्हणजे तो निळा तारा मंदावत नव्हताच. डॉक्टर म्हणाले, मोतीबिंदूत निळा रंग फिका दिसतो."

"चला, तारा तरी सुखरूप आहे."

"अगं, तारा विझत चाललाय असं मी वेधशाळेला कळवत होतो! हसले असतील मला."

"हसू देत."

"तुला गच्चीवरून कसा दिसायचा?"

"होता तसाच, लख्ख."

"मग बोलली का नाहीस?"

"तो विझायच्या आत बघ म्हणून रोज माझा हात धरून वर न्यायचात."

"आता ऑपरेशननंतर मलाही लख्खच दिसेल."

"दिसू दे की. जिन्यात अंधार आहेच."